उसनी छाटी

'संगीत सौभद्र' हे नाटक मराठी माणसाच्या इतक्या जिव्हाळ्याचे झाले आहे की, त्यातील पदांच्या माधुर्यामागे त्यातला एक गंभीर धर्मप्रश्न जवळजवळ झाकून गेला आहे. मुंबईच्या उपनगरांतील जी हौशी मंडळे अजूनही मोठ्या निष्ठेने हे नाटक बसवतात, त्यांच्या तालमींतदेखील पट्टी कोणती घ्यावी, कोणते पद गाळावे, ऑर्गनच्या साथीला माणूस कोठून आणावा, यांचा खल रात्र रात्र चालतो. त्या प्रश्नापाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. सुभद्रेच्या प्राप्तीसाठी अर्जुनाने संन्याशाची जी भगवी छाटी पांघरली ती खोटी होती, याविषयी वाद नाही. परंतु त्या छाटीपुढे सुभद्रेने जो माथा टेकला आणि त्या यतीची जी सेवा केली, ती खरी की खोटी? आणि ती खरी असेल, तर खोट्या वेषाच्या ठायी वाहिलेली खरी श्रद्धा पोहोचते तरी कोठे?

नाट्यगृहात हा प्रश्न दुणावतो. घाटकोपरास राहणारा आणि दिवसभर कोठल्याशा विमा कचेरीत दावे तपासणारा एक गृहस्थ अर्जुन होतो. तो अर्जुन पुन्हा यती होतो. म्हणजे एका उसन्या वेषावर दुसरा उसना वेष चढतो. दुसरा कोणी डोक्यावर मोरपिसांचा मुकुट ठेवून कृष्ण म्हणून प्रवेश करतो, आणि तो शेजारच्या इमारतीत राहणारा इसम आहे हे पुरतेपणी ठाऊक असूनही पुढच्या रांगेतील एखाद्या आजीबाईंचे हात नकळत जोडले जातात. त्या जोडलेल्या हातांना भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. त्या हातांत जे घडते ते समजून घेण्याची ताकद आपल्या तत्त्वचिंतनात आहे, आणि ते समजून घेतल्यावाचून आपल्या संगीत नाटकाचा अर्थही पुरता उमगत नाही, असे माझे मत आहे.

प्रथम या मंडळांविषयी थोडे सांगितले पाहिजे. मुलुंडचा कोणी, अंधेरीचा कोणी, बोरिवलीचा कोणी, असे लोक कचेऱ्या सुटल्यावर दादरला किंवा पार्ल्याला एकत्र येतात. मध्य रेल्वेचे लोक आणि पश्चिम रेल्वेचे लोक यांच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा सांभाळून तालमीचे वेळापत्रक आखावे लागते. शाळेचा वर्ग किंवा सोसायटीची गच्ची ही तालमीची जागा. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे धाडून तिचे प्रमाणपत्र हाती ठेवावे लागते. महापालिकेच्या नाट्यगृहाच्या तारखेसाठी अर्ज, अनामत, पावती असा सगळा दप्तरी सोपस्कार उरकावा लागतो. शनिवार-रविवार बहुधा व्यावसायिक संस्थांकडे जातात, तेव्हा मधल्या वारावर समाधान मानावे लागते. शेले, मुकुट, गदा, छाटी हा सारा सरंजाम भाड्याने येतो आणि रात्रीच परत जातो. ताळेबंदाअखेर हाती काही उरत नाही, बहुधा पदरमोडच होते. आणि तरीही मुलुंडच्या महाकवी कालिदास नाट्यमंदिरात, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरात, विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात रंगमंचावर नारळ वाढवला जातो, तिसरी घंटा होते, पडद्याआड नांदीचे सूर लागतात, आणि एवढ्या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजन काय हा प्रश्न त्या सुरांबरोबर विरघळून जातो.

या लोकांना 'हौशी' म्हणून जो किंचित कमीपणा दिला जातो, तो देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास कालिदासाचे शाकुंतल मराठीत गाऊन दाखवले आणि मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला, ते स्वतः महसूल खात्याच्या कचेरीत चाकरी करणारे गृहस्थ होते. 'सौभद्रा'चा पहिला प्रयोग 18 नोव्हेंबर 1882 रोजी झाला तो तीन अंकांचाच. उरलेले अंक लिहून पुरे नाटक रंगभूमीवर आले ते पुढील वर्षी. भाऊराव कोल्हटकरांसारखा अलौकिक गळ्याचा तरुण त्यात सुभद्रा झाला. म्हणजे आज आपण ज्याला अभिजात म्हणतो ते दिवसा दप्तर सांभाळणाऱ्या एका माणसाच्या ध्यासातून, अर्धेमुर्धे, घाईने, तालमीतच वाढत वाढत आकारास आले आहे. उपनगरातील मंडळ जेव्हा 'सौभद्र' हाती घेते, तेव्हा ते परक्या घरात शिरत नसते.

आता मूळ कथेकडे वळू. महाभारताच्या आदिपर्वात सुभद्राहरण आहे. कृष्णाच्या सल्ल्याने अर्जुन रैवतक पर्वतावरील उत्सवानंतर तिला रथात घालून नेतो, आणि क्षुब्ध यादवांची समजूत कृष्ण घालतो. यतिवेषाची कथा ठसठशीतपणे येते ती भागवताच्या दशम स्कंधात, शहाऐंशीव्या अध्यायात. तेथे अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन द्वारकेत पावसाळा काढतो; बलरामाचा मानस सुभद्रा दुर्योधनास देण्याचा असतो, आणि तोच बलराम अजाणतेपणी या यतीला घरी बोलावून श्रद्धेने अन्न वाढतो. किर्लोस्करांनी हा धागा उचलला, त्यात नारदाची कळ आणि घटोत्कचाची माया गुंफली, आणि सगळ्या सूत्रांची टोके कृष्णाच्या बोटांना बांधली. परंतु त्या अध्यायाचा उत्तरार्ध नाटकात येत नाही, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तोच मला अधिक मोलाचा वाटतो. मिथिलेत राजा बहुलाश्व आणि दरिद्री ब्राह्मण श्रुतदेव हे दोघेही एकाच वेळी कृष्णाला आपल्या घरी येण्याची विनंती करतात. कोणालाच विन्मुख धाडायचे नाही म्हणून कृष्ण दोन रूपे घेतो आणि दोन्ही घरी एकाच समयी जातो, आणि एकाला दुसऱ्याची वार्ता नसते. ज्या अध्यायात माणूस एका शरीरावर खोटे रूप चढवतो, त्याच अध्यायात देव दोन्ही रूपे खरी करून दाखवतो. पुराणकाराने या दोन कथा शेजारी ठेवल्या त्यामागे हेतू होता की नव्हता, हे ठरवण्याची मला गरज वाटत नाही. शेजारी ठेवल्यावर त्या एकमेकींवर प्रकाश टाकतात, हे पुरेसे आहे.

शास्त्राची पहिली साक्ष अर्जुनाच्या विरुद्ध जाते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणारा तो मिथ्याचारी, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात, आणि ते ज्याला सांगतात तो हाच अर्जुन. द्वारकेत छाटी पांघरून, नजर खाली घालून, मनात सुभद्रेखेरीज दुसरे काहीही नसलेला यती तो स्वतःच होता. कुरुक्षेत्रावर ते शब्द कानी पडताना त्याला तो पावसाळा आठवला असेल काय? तुकोबांनी तर भेख घेऊन पोट भरणाऱ्यांची अशी झाडाझडती घेतली आहे की, वारकरी संस्कारात वाढलेल्या माणसाला भगव्या वस्त्राचा असा वापर सहजासहजी पचू नये. आणि नटाविषयी धर्मशास्त्राचे मत याहून सौम्य नाही. मनुस्मृतीने नटाचे अन्न वर्ज्य अन्नांच्या यादीत घातले आहे.

खुद्द नाट्यशास्त्रातही एक विलक्षण कथा आहे. नाट्याला पंचम वेद म्हणून गौरवणाऱ्या त्या ग्रंथाच्या शेवटी असे सांगितले आहे की, भरताच्या पुत्रांना आपल्या विद्येचा गर्व झाला, त्यांनी ऋषींची टवाळी करणारे प्रयोग केले, आणि ऋषींनी त्यांना शाप दिला. पुढे नहुष राजाच्या विनंतीवरून ते पृथ्वीवर उतरले आणि नाट्य मनुष्यलोकात आले. म्हणजे आपल्या परंपरेने नाट्याचे आगमन एका अपराधाशी जोडून ठेवले आहे, आणि तो अपराधही सामान्य नव्हे, ऋषींच्या रूपाचा खेळ करण्याचा आहे. जी विद्या ब्रह्मदेवाने चार वेदांतून सार काढून निर्माण केली, तिच्याच जन्मकथेत हा डाग का जपून ठेवला असावा? माझ्या समजुतीप्रमाणे, वेष धारण करण्याच्या शक्तीत जे भय आहे त्याची आठवण नटाला रोज राहावी म्हणून. जो रूप घेऊ शकतो तो रूपाची विटंबनाही करू शकतो. त्याच्या हातात दिलेले शस्त्र दुधारी आहे.

तरीसुद्धा दंभ आणि नाट्य यांच्यात एक स्पष्ट सीमारेषा आहे, आणि ती वेषात नाही, वेषाविषयीच्या कराराच्या ठिकाणी आहे. कचेरीत बनावट सनद करणारा शिक्षेस पात्र होतो, परंतु तीच सनद अस्सलबरहुकूम उतरवून तिच्यावर 'नक्कल' असा शेरा मारणारा कारकून आपले कर्तव्यच करत असतो. अक्षर दोघांचेही तेच, कागदही तोच. द्वारकेतल्या अर्जुनाच्या छाटीवर असा शेरा नव्हता. नाट्यगृहातल्या अर्जुनाच्या छाटीवर तो असतो. तिकीट काढतानाच प्रेक्षकाने तो वाचलेला असतो. नट कोणापासूनही काही लपवत नाही, म्हणून तो मिथ्याचारी ठरत नाही.

परंतु एवढ्याने भागत नाही. नट फसवत नाही हे सिद्ध झाले, तरी न फसलेल्या प्रेक्षकाचे हात का जुळतात, हे उरतेच. या ठिकाणी काश्मीरच्या आचार्यांनी जे सूक्ष्म विवेचन केले आहे त्याला तोड नाही. शंकुकाने म्हटले की, रंगभूमीवरील रामाला पाहून होणारे ज्ञान हे 'हा राम आहे' असे यथार्थ ज्ञान नव्हे, 'हा राम नाही' असे कळून बाध पावणारे मिथ्या ज्ञान नव्हे, 'हा राम असेल की नसेल' असा संशय नव्हे आणि 'हा रामासारखा आहे' असे सादृश्यही नव्हे. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो तसे ते या चारही जातींहून वेगळे ज्ञान आहे. अभिनवगुप्ताने शंकुकाचे अनुकरणाचे मत खोडून काढले हे खरे, पण रंगभूमीवरचा अनुभव लौकिक खऱ्याखोट्याच्या तराजूत मावत नाही, हे त्यानेही मानले, आणि पुढे जाऊन सांगितले की, तेथे भाव हा 'माझा' किंवा 'त्याचा' राहत नाही. त्याचे साधारणीकरण होते. पुढच्या रांगेतील त्या आजीबाईंना मुकुटाखालचा शेजारी दिसत नाही असे नाही. तो दिसतो, आणि त्याचे नाव-गाव, त्याची सोसायटीतली भांडणे, सगळे त्या क्षणापुरते गौण होते, आणि ज्या भावाला तो जागा करून देतो त्या भावाला त्या नमस्कार करतात. नमस्कार त्या माणसाच्या मालकीचा नसतोच, आणि म्हणूनच तो कोणी हिरावूनही घेऊ शकत नाही.

या विचाराला आचरणाचे दुसरे अंग आहे, आणि ते मला कोणत्याही शास्त्रचर्चेपेक्षा श्रीरामकृष्ण परमहंसांच्या एका दृष्टांतात अधिक सापडले. एका बहुरूप्याने त्यागी साधूचे सोंग आणले. ते इतके उत्तम वठले की घरातल्या बाबू लोकांनी त्याला एक रुपया देऊ केला. त्याने तो स्पर्शही न करता नाकारला आणि निघून गेला. थोड्या वेळाने हात-पाय धुऊन, आपल्या नेहमीच्या कपड्यांत तो परत आला आणि म्हणाला की, आता काही द्यावे. मघाशी का नाकारले असे विचारता त्याने सांगितले की, तेव्हा मी साधूच्या वेषात होतो, पैसा कसा घेणार! हा बहुरूपी संन्यासी नव्हता, आणि तो आपणास संन्यासी समजतही नव्हता. तरीही जेवढा वेळ तो वेष अंगावर होता तेवढा वेळ त्या वेषाचे व्रत त्याने पाळले. त्याच्या वेषात खोटेपणा राहिला कोठे? परमहंस स्वतः 21 सप्टेंबर 1884 रोजी कलकत्त्याच्या स्टार थिएटरात गिरीशचंद्र घोषांचे 'चैतन्यलीला' पाहावयास गेले होते, म्हणजे आपल्याकडे 'सौभद्र' नव्याने गाजू लागले होते त्याच काळात. चैतन्यांचे काम एका नटीने केले होते, आणि ती समाजाने अव्हेरलेल्या वर्गातील होती. परमहंसांनी प्रयोगानंतर तिला आशीर्वाद दिला, आणि प्रयोग कसा वाटला असे विचारणाऱ्यांना अस्सल व नक्कल आपणास एकच दिसली असे सांगितले. देवत्वाच्या अनुभवात ज्यांचा अधिकार निर्विवाद होता, त्यांनी रंगभूमीवरच्या उसन्या वेषाला ही साक्ष दिली आहे.

आपल्याकडे एकनाथांनी हेच वेगळ्या रीतीने केले. पैठणच्या त्या ब्राह्मणाने भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, महार अशी किती रूपे घेतली आणि त्या त्या रूपाच्या तोंडून परमार्थ बोलवला! सोवळ्याचा एवढा कडक काळ, आणि त्या काळात स्वतःच्या जन्माने जे रूप दिले नाही ते वाणीने घेण्याचे धैर्य. नटाला रूप घेताना लाज वाटू नये, एवढी मोठी परवानगी त्याला या भूमीत मिळालेली आहे.

मग हौशी नट निष्काम कर्मयोगी ठरतो काय? पुष्कळ मंडळांच्या स्मरणिकांतून तसे सुचवलेले असते. मोबदला नाही म्हणजे आसक्ती नाही, असा तो सरळ हिशेब. मला हा हिशेब मंजूर नाही. मोबदला रुपयांतच मिळतो असे थोडेच आहे! कृष्णाची भूमिका मला न देता त्याला का दिली, माझ्या पदाला वन्समोअर आला असताना साथीदार पुढे का गेला, जाहिरातीत माझे नाव चौथ्या क्रमांकावर का, या गोष्टींवरून वर्षानुवर्षांचे स्नेह तुटलेले या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पाहिले आहेत. फळाची इच्छा पगाराच्या पाकिटाहून फार खोल राहते. उलट ज्याचा चरितार्थच रंगभूमीवर होता, त्याच्या ठिकाणी ती गळून पडलेली दिसू शकते. 12 मार्च 1911 रोजी मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची, म्हणजे नारायणराव राजहंसांची, लहानगी कन्या मरण पावली. प्रयोग पुढे ढकलण्याची तयारी असतानाही ते भामिनी म्हणून उभे राहिले आणि गायले. यात कोणी व्यावसायिक शिस्त पाहील, कोणी कठोरता पाहील. मला त्यात त्या बहुरूप्याचेच व्रत अधिक मोठ्या, अधिक भयंकर किमतीवर पाळलेले दिसते. भामिनीला त्या संध्याकाळी मूल नव्हते. म्हणून भामिनी रडली नाही. पडदा पडल्यावर नारायणराव राजहंस काय झाले असतील, याचा विचार करवत नाही.

आसक्ती कोठे सुटते, याचे उत्तर मला विद्यारण्यांच्या पंचदशीत मिळते. त्या ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणाचे नावच 'नाटकदीप' आहे. नृत्यशाळेत एक दिवा तेवत आहे. त्याच्या प्रकाशात यजमान बसला आहे, सभासद बसले आहेत, नर्तकी नाचत आहे. दिवा या तिघांना सारखाच उजळतो, कोणासाठी वात पुढे सारत नाही. आणि सगळे निघून गेल्यावरही तसाच तेवत राहतो. अहंकार हा यजमान, विषय हे सभासद, बुद्धी ही नर्तकी, इंद्रिये ही ताल धरणारी साथ, आणि साक्षी आत्मा हा तो दीप, असे विद्यारण्य उलगडून सांगतात. सांख्यांनीही प्रकृतीला नर्तकी म्हटले आणि लिंगशरीराला नटाची उपमा दिली. परंतु त्यांच्या नाट्यगृहात पुरुष हा प्रेक्षक आहे, आणि आपले रूप दाखवून झाले की नर्तकी निवृत्त होते. विद्यारण्यांनी आत्म्याला प्रेक्षकाच्याही आसनावरून उठवून दिव्यात नेले, ही त्यांची झेप मला फार मोठी वाटते. कारण प्रेक्षकालादेखील आवडनिवड असते, दिव्याला नसते. भूमिका न मिळाल्याने रुसलेला नट, ताल चुकला म्हणून कासावीस झालेला तबलजी, खर्च भागेल का या चिंतेतला चिटणीस, हे सगळे त्या प्रकाशात सारखेच दिसत असतात. आणि आपल्या भूमिकेत पुरता बुडालेला असतानाच 'मी ही भूमिका करतो आहे' हे ज्ञान ज्याच्या आत विझत नाही, त्या नटाला त्या दिव्याची किंचित तरी ओळख पटलेली असते. बुडणे आणि न विसरणे ही दोन्ही एका वेळी साधणे हे नटाला तालमीत शिकावे लागते, आणि संसारी माणसाला वेदान्त तेच शिकवू पाहतो. म्हणून नाट्य ही वेदान्ताची उपमा आहे, एवढे म्हणून मी थांबणार नाही. नाट्य हा वेदान्ताचा अभ्यास होऊ शकतो, तो तसा क्वचितच होतो ही गोष्ट निराळी.

'सौभद्रा'त आणखी एक सूक्ष्म रचना आहे. यती हा अर्जुन आहे हे कोणाकोणाला ठाऊक असते? कृष्णाला असते, आणि प्रेक्षकाला असते. बलरामाला नसते, सुभद्रेला नसते. म्हणजे किर्लोस्करांनी प्रेक्षकाला अगदी अलगद कृष्णाच्या शेजारी नेऊन बसवले आहे; जे देवाला दिसते ते त्याला दिसू लागते, आणि पात्रांची तळमळ पाहून त्याच्या मनात जी करुणायुक्त प्रसन्नता उमलते तिची जात कृष्णाच्या स्मितासारखी असते. मुलुंडला दूरची द्वारका कळो न कळो, या आसनाची गोडी मात्र त्या अडीच-तीन तासांत प्रत्येकाला कळते. भक्तिमार्गाने जे सारूप्य, सामीप्य वगैरे सांगितले, त्यांपैकी सामीप्याचा इतका सुलभ अनुभव दुसऱ्या कोणत्या नाटकाने दिला असेल, असे मला वाटत नाही.

आता सुभद्रेच्या श्रद्धेकडे परत येतो. तिचे हृदय अर्जुनाकडे आहे आणि हात यतीच्या सेवेत आहेत. हृदय आणि हात यांची फारकत झाली म्हणून ती दुःखी आहे. तिला ठाऊक नाही की, ज्याच्यासाठी ती झुरते आणि ज्याची ती सेवा करते ते एकच आहेत. श्रुतदेवाच्या झोपडीत गेलेला कृष्ण आणि बहुलाश्वाच्या वाड्यात गेलेला कृष्ण एकच असतो, आणि ते दोघांनाही कळत नाही, तसेच हे. कोणत्याही देवतेला श्रद्धेने पूजणारे अविधिपूर्वक का होईना मलाच पूजतात, असे गीतेत भगवंत म्हणतात. सुभद्रेची सेवा अशी अविधिपूर्वक, चुकीच्या पत्त्यावर गेलेली, आणि तरीही जेथे पोहोचायची तेथेच पोहोचलेली आहे. तिची श्रद्धा वाया गेली नाही, कारण श्रद्धेचा ठेवा ज्याच्यापुढे ठेवला त्याच्या योग्यतेवर अवलंबून नव्हता; तो तिच्या हातांच्या शुद्धतेवर अवलंबून होता. एवढ्यापुरते मी निःशंक आहे.

पण याच ठिकाणी मला एक अडचण जाणवते, आणि ती झाकून पुढे जाणे मला उचित वाटत नाही. सुभद्रेची श्रद्धा वाया गेली नाही याचे श्रेय सुभद्रेचे. त्याने अर्जुनाचे वर्तन निर्दोष होत नाही. ज्या स्त्रीने आपणास त्यागी समजून विश्वासाने सेवा केली, तिची ती सेवा त्याने तिच्या अनुमतीवाचून, खोट्या नावाने घेतली. ती त्याचीच होती, कृष्णाची संमती होती, शेवट मंगल झाला, या सगळ्या सबबी खऱ्या असल्या तरी त्या सबबीच. ढोंगी बुवांच्या पायी लेकीबाळींचे संसार उद्ध्वस्त झाल्याच्या वार्ता ज्या काळात वारंवार वाचाव्या लागतात, त्या काळात भगव्या छाटीचा हा प्रसंग केवळ गोड म्हणून पाहता येणे मला शक्य होत नाही. देव जामीन राहिला म्हणून येथे निभावले. ज्या छाटीला असा जामीन नाही, तिच्याविषयी हे नाटक कोणतीही हमी देत नाही.

म्हणून उपनगरातल्या या मंडळांकडे माझी एक विनंती आहे, आणि ती संहितेच्या काटछाटीविषयी आहे. पूर्वी ही नाटके रात्रभर चालत. आता नाट्यगृह ठरलेल्या वेळी रिकामे करून द्यावे लागते, शेवटची गाडी गाठावी लागते, तेव्हा कात्री लावण्यावाचून गत्यंतर नाही. परंतु कात्री लावताना पदे राखली जातात आणि गद्य जाते. आणि गद्यातही सर्वांत आधी जातात ते यतीच्या सेवेचे, सुभद्रेच्या घालमेलीचे, बलरामाच्या भाबड्या आदराचे संवाद, कारण त्यांत टाळीची जागा नसते. कृष्ण-रुक्मिणीच्या प्रवेशातले एखादा अंतरा कमी घ्यावा, रागविस्तार आवरता घ्यावा, घटोत्कचाचे गर्जणेही थोडक्यात आटोपावे. पण छाटी पांघरलेल्या अर्जुनापुढे सुभद्रा पहिल्यांदा वाकते तेथे घाई करू नये. त्या नटाने, तो विमा कचेरीतला असो की बँकेतला, तिच्या वाकलेल्या मस्तकाकडे पाहून जरा वेळ अस्वस्थ व्हावे. आशीर्वादासाठी उचललेला हात किंचित अडखळावा. आणि ते अडखळणे शेवटच्या रांगेपर्यंत दिसेल इतका अवकाश दिग्दर्शकाने त्याला द्यावा.